पन्नास की पंच्याहत्तर?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दौलतगंज येथे झालेल्या सभेतील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवात एखाद्या मास्तराला बोलावयास उभे केले म्हणजे तो एकतर शिक्षणाचे महत्त्व सांगणार, नाहीतर संस्थेच्या पूर्वपीठिकेत शिरणार, अशी श्रोत्यांना धास्ती असते. ही दोन्ही कामे आमच्याहून योग्य माणसांनी सकाळीच पार पाडली आहेत. आमच्या वाट्याला आली आहे ती एक तार. गेल्या तीन महिन्यांत या तारेवरून आपल्यात जितकी बोलाचाली झाली तितकी हिशेबतपासनिसाच्या शेऱ्यांवरूनही कधी झाली नसेल. तेव्हा तिची हकीगत एकदा सर्वांसमक्ष मांडावी, असे कार्यकारी मंडळाने आम्हांस सुचविले.

प्रश्न आपणा सर्वांना तोंडपाठ आहे : पन्नास की पंच्याहत्तर? एका विनोदी सभासदाने त्याचा निकाल कधीच लावून टाकला. पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सव, पंच्याहत्तर म्हणजे अमृतमहोत्सव. तर आज पन्नास घ्या, पंच्याहत्तरचे पंचवीस वर्षांनी पाहू! निकाल बरोबर आहे. कारण मात्र ते नव्हे. आणि निकाल बरोबर असूनही त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे आज आम्हांला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

ज्यांनी मधल्या सभा पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्या ट्रस्टने सामुदायिक रेडिओचे छोटे केंद्र काढण्याचे मनावर घेतले आहे. रेडिओ म्हणजे सरकारचा, ही समजूत आता जुनी झाली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना लहान केंद्रे चालविण्याची वाट मोकळी झाली. २००४ मध्ये मद्रासच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. २००६ च्या अखेरीस नोंदलेल्या सेवाभावी संस्थांनाही परवाने मिळण्याची सोय झाली. २००८ साली साताऱ्याकडील म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली आणि त्याच साली आपल्या शेजारी ओरछ्याला रेडिओ बुंदेलखंड. दुष्काळी माणदेशातल्या बायाबापड्या जे करू शकतात ते लष्करातल्या लोकांना करता येणार नाही, असे कोणी म्हणेल तर आम्ही मानावयास तयार नाही.

आमच्या मनात हे केंद्र रुजले ते मात्र २०२० साली. शाळा बंद पडल्या. धडे मोबाइलवर द्यावयाचे ठरले. आमच्या वर्गातील कित्येक घरांत एकच फोन, आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. हजेरीपटावरची काही नावे त्या वर्षी आम्ही नुसतीच वाचीत राहिलो. ती मुले राहत होती कोठे? कंपूला, गुढ्याला, शिंदे की छावणीत. म्हणजे या सभागृहापासून तासाभराच्या चालण्यात. त्यांच्यापर्यंत पोचणारे एखादे साधे, फुकट, विजेवर किंवा दोन सेलांवर चालणारे साधन आपल्या हाती असते तर, हा विचार मनातून गेला नाही. म्हणून आज आम्ही वॅटावॅटाचा हिशेब मांडतो त्याला कंजूषपणा समजू नये. प्रत्येक वॅटामागे काही घरे आहेत.

आता तार. केंद्राचा प्रक्षेपक खालच्या खोलीत राहणार आणि एरियल गच्चीवरील मनोऱ्याच्या टोकाला. नियमाने एरियल जमिनीपासून निदान १५ मीटर उंच हवे आणि ३० मीटरांपेक्षा अधिक उंच चालत नाही. प्रक्षेपकातून निघालेली शक्ती वर पोचविण्याचे काम ज्या तारेचे, तिला समाक्ष तार किंवा सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दाने कोॲक्शियल केबल म्हणतात. मध्ये एक तांब्याची तार, तिच्याभोवती प्लास्टिकची जाड भिंत, त्याभोवती तांब्याची जाळी किंवा नळी आणि सर्वांवर काळे आवरण. घरोघरी टीव्हीला जोडली जाते तीच जात. तिची कल्पना फार जुनी. इंग्लंडात ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० सालीच तिचे पेटंट घेतले होते. आज आपण ओळखतो ते तिचे रूप अमेरिकेत बेल कंपनीच्या एस्पेनशीड आणि ॲफेल या दोघांनी सिद्ध केले. त्यांचे पेटंट १९३१ सालचे.

आपल्या ट्रस्टशी पूर्वापार स्नेह असलेल्या एका कुटुंबाचा केबल टीव्हीचा धंदा होता. तो धंदा आटोपता घेताना त्यांनी कोऱ्या केबलची सहा भेंडोळी ट्रस्टला देऊ केली. मोठ्या मनाने दिलेली देणगी. त्या सभेत एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "मास्तर, तार ती तार. घरात आलेली लक्ष्मी परत का करायची?" आम्ही मान डोलावली. होय, आम्हीच डोलावली. विज्ञानाचे पदवीधर, वीस वर्षे मुलांना विद्युत् शिकविणारे. इतिवृत्तात नोंद आहे, नाकारून सोय नाही. घरी गेल्यावर मात्र चैन पडेना. ट्रस्टचा पैसा ही अमानत आहे, आणि फुकटच्या वस्तूपायी विकतची वस्तू बिघडली तर ती अमानतीतली खोटच. दुसऱ्या दिवशी परिचयाच्या एका निवृत्त इंजिनियरांकडे गेलो. त्यांनी भेंडोळ्यावरचा छाप वाचला आणि एवढेच म्हणाले, "ही पंच्याहत्तरची. तुमचा प्रक्षेपक पन्नासचा असेल."

या पन्नास आणि पंच्याहत्तर ओहमांचा अर्थ काय? मुलांना वाटते हा तारेचा रोध. आमच्या वर्गातील एका चुणचुणीत मुलीने केबलचा तुकडा घेतला, दोन टोकांना मीटर लावला, आणि म्हणाली, "सर, मधली तार ते जाळी, काहीच दाखवत नाही!" बरोबरच आहे. मध्ये प्लास्टिक आहे. मीटर काय दाखविणार? हा नुसता रोध नव्हे. परिभाषेत त्याला संरोध म्हणतात. तारेतून लहर धावू लागली म्हणजे तिचा दाब आणि तिचा प्रवाह यांचे जे प्रमाण पडते ते हे. १०० वॅटांची लहर पन्नासच्या तारेतून जाते तेव्हा दाब सुमारे ७१ व्होल्ट आणि प्रवाह १.४ अँपियर. तीच पंच्याहत्तरच्या तारेतून जाईल तर दाब ८७ व्होल्टांच्या जवळ आणि प्रवाह १.१५ अँपियर. काम तेच, चाल निराळी. हे प्रमाण तारेच्या लांबीवर अवलंबून नाही. वीतभर तुकडाही पन्नासचाच आणि मैलभर लांब केबलही पन्नासचीच. ते ठरते फक्त बाहेरच्या नळीचा व्यास आणि आतल्या तारेचा व्यास यांच्या गुणोत्तरावर, व मधल्या भिंतीच्या द्रव्यावर.

आता दोन निराळ्या संरोधांची गाठ पडली म्हणजे काय होते? यासाठी आम्ही वर्गात विहिरीचा जाड दोर घेतो आणि त्याला सुतळी बांधतो. एक मुलगा दोराचे टोक धरतो, दुसरा सुतळीचे. दोराला झटका दिला की उंचवटा सरसर धावत जातो आणि गाठीपाशी येताच त्याचे दोन भाग होतात. एक सुतळीवरून पुढे निघून जातो, दुसरा परत झटका देणाऱ्याच्या हाताकडे येतो. सर्व दोर एकाच जाडीचा असता तर काहीही परतले नसते. रेडिओच्या तारेत असेच घडते. पंच्याहत्तरची केबल पन्नासच्या एरियलला जोडली तर गाठीपाशी शक्तीचा शेकडा चार भाग परत फिरतो.

"चारच ना?" कोषाध्यक्षांनी ताबडतोब विचारले. हो, चारच. आणि येथे आम्हांला कबूल केले पाहिजे की नुसत्या या चार टक्क्यांसाठी देणगी नाकारण्यात अर्थ नव्हता. खरी अडचण दुसऱ्या टोकाला आहे. परतलेली लहर पुढे जाणाऱ्या लहरीत मिसळते आणि खाली प्रक्षेपकाला आपल्यापुढे पन्नास ओहमांचे एरियल आहे असे दिसतच नाही. केबलची लांबी बरोबर अर्ध्या लहरीच्या पटीत असेल तर पन्नास दिसेल. त्याहून पाव लहर अधिक झाली की, तारेत गळती नाही असे धरल्यास, ११२.५ दिसेल. पंच्याहत्तरचा वर्ग करून पन्नासने भागा, हाच आकडा येतो. ११२ ओहमांचे ओझे पन्नासच्या प्रक्षेपकाला लावले तर सातवा हिस्सा शक्ती दारातूनच परत. आधुनिक प्रक्षेपक अशा वेळी स्वतःला वाचविण्यासाठी आवाज खाली आणतो. न आणील तर जळतो. प्रत्यक्ष तारेत थोडी गळती असते, त्यामुळे फरक याहून सौम्य पडतो, हेही खरे.

मग केबल अर्ध्या लहरीच्या पटीत कापून घ्यावी, असे कोणी म्हणेल. हौशी रेडिओवाले असे करतात आणि त्यांचे चालते. ९०.४ मेगाहर्ट्झवर लहरीची लांबी सुमारे ३.३ मीटर. तारेत ती प्लास्टिकमुळे हळू चालते म्हणून आणखी आखूड. म्हणजे आपल्या चाळीस मीटरांच्या केबलीत अर्ध्या लहरी तिशीच्या आसपास बसतील. प्रत्येक अर्ध्या लहरीत एक सेंटिमीटर चुकला तर शेवटी फुटाची चूक. मोजमाप नीट केले तरी कंप्रता दिल्लीहून मिळावयाची. ती हाती येईपर्यंत कात्री लावता येत नाही, आणि पुढे कधी बदलून मिळाली तर कापलेली केबल वाया.

याच्या उलट एक गंमत सांगतो. आकाशवाणीचे केंद्र आपल्या गावी १९६४ साली आले आणि १३८६ किलोहर्ट्झवर त्याचा आवाज वर्षानुवर्षे घराघरांत ऐकू येई. त्या लहरीची लांबी काढली तर २१६ मीटर. एवढ्या लांब लहरीपुढे चाळीस मीटर तार म्हणजे पाव लहरदेखील नव्हे. मध्यम लहरीवाल्यांना त्यामुळे तारेच्या जुळणीचा जाच आपल्यासारखा दर हातागणिक होत नसे. त्यांचा जाच निराळा : मनोरा इमारतीपासून दूर आणि शक्ती कित्येक किलोवॅट. म्हणून आपल्या देशातील मध्यम लहरींच्या केंद्रांत पुष्कळ ठिकाणी खांबांवरून नेलेल्या उघड्या तारांची वाहिनी असे. मध्ये जिवंत तार, भोवती जमिनीला जोडलेल्या तारांचा पिंजरा. म्हणजे समाक्ष तारच, फक्त कवच जाळीदार आणि भिंत हवेची. तिचा संरोध २३० ओहमांच्या घरात. आता पाहा. १० किलोवॅट शक्ती पन्नासच्या वाहिनीतून नेली तर १४ अँपियर वाहतील. २३० च्या वाहिनीतून साडेसहा. तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे त्याच तारेत ताप साडेचारपटीहून अधिक. दाब मात्र सातशे व्होल्टांऐवजी दीड हजार होतो. पण मोकळ्या हवेत वीतभर अंतर राखल्यावर दीड हजार व्होल्टांना कोण भितो? तेथे २३० हेच शहाणपण होते. मुंबईला २३ जुलै १९२७ रोजी जे केंद्र उघडले त्याच्या काळी आजची प्लास्टिकभरली केबल बाजारात नव्हतीच. तेव्हा पन्नास हा काही निसर्गाने घालून दिलेला आकडा नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

मग हा आकडा आला कोठून? आमच्या मते सबंध प्रकरणात मौजेचा भाग हाच.

बाहेरची नळी एकाच मापाची ठेवा आणि आतली तार बारीक-जाड करून पाहा. आतली तार बारीक केली की संरोध वाढतो, प्रवाह कमी होतो, ताप कमी होतो. पण बारीक तारेचा स्वतःचा रोध वाढतो आणि ताप पुन्हा चढू लागतो. या दोहोंच्या ओढाताणीत कोठेतरी एक जागा अशी येते की गळती सर्वांत कमी. हवेची भिंत असेल तर ती जागा ७७ ओहमांवर पडते. तेथे बाहेरचा व्यास आतल्याच्या सुमारे ३.६ पट असतो. आता गळतीची चिंता सोडा आणि नुसती जास्तीत जास्त शक्ती ठिणगी न पडता कशी नेता येईल ते पाहा. मग आतली तार चांगली जाड हवी. ती जागा येते ३० ओहमांवर. आणि जास्तीत जास्त दाब सोसावा एवढीच इच्छा असेल तर ६० वर. एकाच नळीची तीन निरनिराळी उत्तरे! कोणाला काय हवे त्यावर उत्तर.

तीस आणि सत्त्याहत्तर यांच्या मधला तोडगा म्हणून पन्नास निघाला, असे सांगण्याची प्रथा आहे. दोहोंची बेरीज करून निम्मे केले तर साडेत्रेपन्न येतात आणि गुणाकाराचे वर्गमूळ काढले तर अठ्ठेचाळीस. पन्नास मध्येच बसतो. पण आम्हांला अधिक पटते ते दुसरे गणित. हवेऐवजी भरीव पॉलिथीनची भिंत घातली की संरोध दीड पटीने उतरतो. ७७ ला दीडने भागा : ५१. म्हणजे पॉलिथीन भरलेल्या केबलीत कमीत कमी गळतीची जागाच पन्नासच्या उंबरठ्यावर येते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पॉलिथीन आले, लष्करी यंत्रे आली, आणि त्यांच्याबरोबर पन्नास घट्ट झाला. तोवर सगळीकडे एकच आकडा होता असेही नाही. अमेरिकेत मोठ्या नळ्यांसाठी साडेएक्कावन्न चाले आणि जर्मनीत कितीतरी वर्षे साठ. टीव्हीवाल्यांना शक्ती न्यावयाची नसते, एरियलवर येणारा कणभर संकेत न गळता घरात आणावयाचा असतो. म्हणून ते सत्त्याहत्तरच्या शेजारी पंच्याहत्तरवर जाऊन बसले. मधोमध तोडलेल्या साध्या एरियलचा संरोधही ७३ च्या आसपास असतो, हीही त्यांची सोय.

म्हणजे देणगीदारांची केबल हलकी नव्हे, हे आम्ही येथे सर्वांसमक्ष नमूद करू इच्छितो. तिची भिंत फेसाळ प्लास्टिकची आहे, त्यामुळे करंगळीहून बारीक असूनही तिची गळती अंगठ्याएवढ्या जाड, भरीव भिंतीच्या, पन्नासच्या केबलीइतकीच किंवा किंचित कमी भरते. मधली तार पोलादाची असून तिला तांब्याचा मुलामा आहे, यावर एका सभासदाने नाक मुरडले होते. त्यातही काही वावगे नाही. या कंप्रतेला प्रवाह धातूच्या कातडीवरूनच वाहतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी खोलीतून. आत पोलाद आहे की लाकूड, लहरीला पत्ता नसतो.

आता पैशाकडे वळू. प्रक्षेपक ५० वॅटांचा, केबल ४० मीटरांची धरली आहे. सर्वांत स्वस्त, पेन्सिलीपेक्षा बारीक अशी पन्नासची केबल लावली तर वर पोचतात जेमतेम ११ ते १२ वॅट. बाकीचे सगळे तारेला ऊब देण्यात खर्ची. जाड, भरीव भिंतीची पन्नासची केबल लावली तर २६. देणगीची पंच्याहत्तरची लावली, तर जुळणी साधली असे धरून २७. आणि अर्ध्या इंचाची, पन्हळीदार तांब्याच्या नळीची, फेसाळ भिंतीची पन्नासची केबल लावली तर ४१. हे आकडे कारखान्यांच्या कोष्टकांतील गळतीवरून काढले आहेत. दोन वॅट इकडेतिकडे होतील.

हे आकडे समोर आले तेव्हा आमचेच डोळे उघडले. तीन महिने आपण पन्नास की पंच्याहत्तर यावर भांडलो, आणि खरा फरक तर बारीक की जाड यात होता! पन्नासचीच पाटी लावलेल्या दोन केबलींमध्ये एक ११ वॅट देते आणि दुसरी ४१. ओहम हा प्रश्न जुळणीचा आहे. पल्ल्याचा प्रश्न गळतीचा. बारा वॅट आणि एक्केचाळीस वॅट यांत पल्ला साडेतीन पट वाढत नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर कोणी दतियापर्यंत आवाज नेण्याचे स्वप्न पाहावयाचा. सपाट भूमीचा साधारण हिशेब धरला तर स्वस्त केबलीने पल्ला पाऊणपटीवर येईल. ऐकावयास फार वाटत नाही. पण पल्ला पाऊणपट म्हणजे क्षेत्र जवळजवळ निम्मे. जनकगंज, नई सडक येथे काहीच फरक कळणार नाही. काठावरच्या वस्त्या गळतील, आणि आमच्या हजेरीपटावरची ती नावे बहुतेक काठावरचीच आहेत.

किल्ल्याची गोष्ट वेगळी. आपण किल्ल्याच्या दक्षिणेस; हजिरा, तानसेनाची समाधी, जुने ग्वाल्हेर ही सारी त्याच्या पलीकडे. या लहरी डोंगर चढून उतरत नाहीत. तीस मीटरांचा मनोरा आणि चांदीची केबल लावली तरी किल्ल्याची सावली पडणारच. तिकडच्या सभासदांनी याबद्दल केबल-समितीला दोष देऊ नये. तो दिलाच तर तोमर राजांपर्यंत न्यावा.

आता कोणी विचारील, पंच्याहत्तरची केबल ठेवून दोन्ही टोकांना जुळणीचे साधन का बसवू नये? बसविता येते. पाव लहर लांबीचा ६१ ओहमांचा तुकडा मध्ये घातला की पन्नास आणि पंच्याहत्तर यांचा समेट होतो. पण ६१ ची केबल आपल्या बाजारात कोण देणार? ती नळ्या कापून घडवावी लागते. दोन टोकांना दोन तुकडे, त्यांचे चार सांधे, चार सांध्यांत चार वेळा पावसाचे पाणी. शिवाय जोडणीचे खिळे. पन्नासचा आणि पंच्याहत्तरचा एन-जातीचा जोड दिसावयास सारखा, परंतु पन्नासच्या नराचा मधला खिळा जाड असतो. तो पंच्याहत्तरच्या मादीत दाबून बसविला की तिची पाकळी फाकली, कायमची. उद्या आपल्यानंतर जी पोरे हे केंद्र सांभाळतील त्यांना बाजारातून जोड आणून डोळे मिटून लावता आला पाहिजे. प्रक्षेपक पन्नासचा, एरियल पन्नासचे, मीटर पन्नासचे. मध्ये आपली एकटी केबल वेगळ्या बोलीची कशाला? पन्नास घेण्याचे आमचे कारण एवढेच आहे. भौतिकशास्त्राने तो श्रेष्ठ ठरतो म्हणून नव्हे, शेजारी सगळे तसे आहेत म्हणून.

तेव्हा समितीने केलेली शिफारस अशी : मनोऱ्यासाठी अर्ध्या इंचाची पन्नासची केबल विकत घ्यावी, आणि अंदाजपत्रकात तिची रक्कम कमी करून प्रक्षेपकाचे वॅट वाढवू नयेत. १०० वॅटांची प्रसारणमर्यादा परवान्यातच असते. आणि वाढीव वॅट केबलीत जाळून वर विजेचे बिल भरण्यापेक्षा तांबे एकदाच विकत घेतलेले बरे. केबलीची बाहेरची नळी मनोऱ्याच्या वर व पायथ्याशी जमिनीला जोडावी. आपल्याकडे आषाढात विजा कशा कडाडतात ते आपण जाणता. सांध्यांवर रबरी पट्टी घट्ट गुंडाळावी, आणि केबल खोलीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा म्हणजे पाणी तेथूनच ठिबकेल. माकडांसाठी लोखंडी पाइप. माकडांचा उपाय कोणत्याही पुस्तकात सापडला नाही, तो आमच्या शेजारच्या गच्चीवरून घेतला आहे.

राहिली देणगी. ती परत करावयाची नाही. देणगीदार कुटुंबातील थोरल्या भावाला आम्ही स्वतः भेटलो. केबल मनोऱ्यावर का चढणार नाही ते सांगावयास जीभ जड झाली होती. त्यांनी ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, "मास्तर, पंच्याहत्तर ओहम हे आम्हांला माहीतच होतं. तुम्ही विचारलं कुठं?" एवढे बोलून त्यांनी आमची उरलीसुरली पदवीही काढून घेतली. ही सहा भेंडोळी आता अशी वापरावयाची : एक शाळेच्या दिवाणखान्यातील टीव्हीसाठी, दोन इमारतीच्या राखणीच्या कॅमेऱ्यांसाठी, एक ध्वनिमुद्रणाच्या खोलीत अंकीय ध्वनीच्या जोडणीसाठी, कारण त्या यंत्रांना पंच्याहत्तरच लागते. उरलेल्या दोहोंपैकी एक प्रयोगशाळेत ठेवून घ्यावे अशी आमची विनंती आहे. मीटर लावून काहीच दाखवत नाही म्हणणाऱ्या मुलीला पुढच्या वर्षी तिच्यावर लहर धावताना दाखवावयाची आहे.

एक काम अजून व्हावयाचे आहे. चाळीस मीटर हा आकडा आम्ही अंदाजाने धरलेला आहे. गच्चीपासून प्रक्षेपकाच्या खोलीपर्यंतची वाट गेल्या खेपेस मोजावयास घेतली तेव्हा फीत तेराव्या मीटरला, जिन्याच्या वळणावर संपली आणि अंधारही पडला. ही केबल विकत घेताना मागाहून जोड देणे परवडणारे नाही. म्हणून येत्या रविवारी सकाळी आठ वाजता दोन तरुण सभासदांनी तीस मीटरांची फीत घेऊन यावे. जिन्याच्या किल्ल्या आमच्यापाशी आहेत.